सातवीतली मुलगी, फाउंडेशन क्लास आणि आठवीच्या आत घ्यायचे निर्णय

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, विस्कळीत झाला तर सांभाळून घ्या.

लेक सातवीत आहे. अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी. आमचं तालुक्याचं गाव. मी अंगणवाडी सेविका, हे दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर. मागे शाळेच्या सभागृहात एका क्लासवाल्यांनी 'करिअर मार्गदर्शन मेळावा' घेतला. तासभर प्रोजेक्टर, मग मुलांची परीक्षा, आणि आठवड्याभरात घरी फोन. तुमच्या मुलीला स्कॉलरशिप लागलीय म्हणे. आठवी ते दहावी फाउंडेशनची (इंजिनिअरिंगच्या जेईई, मेडिकलच्या नीट या प्रवेश परीक्षांची आगाऊ तयारी) फी १ लाख ६० हजार, तुम्हाला १ लाख १० हजार, पण रविवारच्या आत नाव नोंदवा. शेजारच्या तिघींच्या मुलांनाही हीच स्कॉलरशिप लागलीय हे नंतर कळलं.

मुलीबद्दल थोडं. गणितात सत्तर-पंचाहत्तर पडतात, विज्ञान आवडतं, पाठांतर म्हटलं की जांभया. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक मात्र तोंडपाठ. दिवाळीत मामाकडे जाताना गाडी लागायची होती, तेवढ्यात तिने वहीत मांडून दाखवलं की आमच्या गावाच्या सगळ्या फेऱ्या एकाच गाडीत भागतात, फक्त साडेबाराच्या फेरीला दुसरी गाडी लागते, कारण पहिली तेव्हा अजून घाटात असते. चौकशीच्या खिडकीतल्या कंट्रोलरसाहेबांनी ते ऐकलं आणि तिला आत बोलावून गाड्यांचा तक्ता दाखवला. परत आली ती नाचतच. आता ही आवड कशाची म्हणायची? गणिताची, की गाड्यांची?

प्रश्न असे:
क्लास लावावा का? पैसे उभे करता येतील, पण सोनं मोडावं लागेल.
आठवीत हिंदी ठेवायची की संस्कृत?
जावेचं म्हणणं, आत्ताच सीबीएसईला घाला, नंतर पस्तावाल. खरं आहे का?
आणि मूळ प्रश्न, बाराव्या वर्षी काही 'ठरवावं' लागतं का?

गणोबा

क्लासची बाजू आधी मांडतो, कारण पुढे सगळे तुटून पडणार आहेत.

अकरावी सायन्सची उडी खरंच मोठी आहे. दहावीला ९५ टक्के घेतलेली मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत गटांगळ्या खातात. दहावीपर्यंत उदाहरण ओळखीचं असतं, आकडे बदललेले असतात. जेईईत उदाहरणच अनोळखी. ती सवय चौदाव्या वर्षापासून लागली तर फायदा होतो, नाही कशाला म्हणू. त्यामुळे शिकवणारा माणूस चांगला असेल तर फाउंडेशन वाया जात नाही.

पण 'शिकवणारा माणूस' हे महत्त्वाचं. मेळाव्यात बोलायला आलेले सर तुमच्या गावच्या शाखेत शिकवणार आहेत का, एवढं विचारा. आठवीच्या एका तासाला मुलीला बसवू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर विषय संपला.

आणि ताई, लेकीने स्टँडवर जे केलं त्याला 'शेड्युलिंग' म्हणतात. किती गाड्यांत किती फेऱ्या बसतील, हा ऑपरेशन्स रिसर्चमधला, म्हणजे कामांची गणिती आखणी करणाऱ्या शास्त्रातला, खराखुरा प्रश्न आहे. विमान कंपन्या आणि रेल्वे त्यासाठी माणसं पगार देऊन ठेवतात. पुढे गणित-संख्याशास्त्राकडे वळली तर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था ध्यानात ठेवा. १९३१ची संस्था. तिथल्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीला बारावीनंतर स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं. आपल्याकडे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या गदारोळात हे नाव कोणी घेत नाही.

टिवल्याबावल्या

रविवारच्या आत नाव नोंदवायचं, म्हणजे स्कॉलरशिप आहे की साड्यांचा सेल?

बोटांचे ठसे घेतले नाहीत हे नशीब. आमच्याकडे पालकसभेत एकजण लॅपटॉप आणि ठसे घ्यायचं यंत्र घेऊन बसला होता. दहा बोटं टेकवा, साडेतीन हजार द्या, मुलगा आयएएस होणार की शेफ ते कळेल. माझ्या पोराच्या अहवालात निघालं, नेतृत्वगुण ८७ टक्के. तो अजून स्वतःचा डबा स्वतः भरत नाही.

भोरचे मास्तर

मी निवृत्त मुख्याध्यापक. जरा लांबण लागेल.

टिवल्याबावल्या यांनी सांगितलेला ठशांचा प्रकार, डीएमआयटी म्हणतात त्याला. बोटांवरच्या रेषांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. त्यावर एक रुपया घालवू नका.

आता क्लास. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, प्रवेश दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा. अमुक रँक मिळवून देऊ असं आश्वासन द्यायचं नाही. पूर्ण फी भरून मधेच सोडलं तर उरलेल्या मुदतीची फी १० दिवसांत परत करायची. या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांकडे, त्यामुळे सातवीच्या मुलांचे मेळावे जोरात चालू आहेत हे मलाही दिसतं. पण फोन आला की एवढंच विचारा, 'मधे सोडलं तर पैसे परत कसे मिळतील ते लेखी द्याल का?' पुढचा फोन बहुधा येणार नाही.

ताई, तुमच्यासाठी खरी स्कॉलरशिप वेगळी आहे आणि ती आठवीतच मिळते. एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतलं मूल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, थेट मुलाच्या खात्यात. चार वर्षांचे ४८,००० झाले. पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. वेळापत्रकात डोकं चालणाऱ्या मुलीला पहिला पेपर खेळ वाटेल. अडचण समाजशास्त्रात येईल. तो विषय सातवीत कोणी मनावर घेत नाही आणि तिथेच ३५ गुण बसलेले असतात.

मराठा-कुणबी विद्यार्थी एनएमएमएस पात्र झाला पण कोट्यात बसला नाही, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. आमच्या तालुक्यात हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलांचे अर्जच गेले नाहीत. इतर मागासवर्गीय मुलांसाठी महाज्योती या तशाच संस्थेचं जेईई-नीट-सीईटीचं मोफत प्रशिक्षण आहे, पण ते दहावीनंतर.

राहता राहिलं गणितातलं पंचाहत्तर. क्लास शोधण्याआधी तिची शेवटची उत्तरपत्रिका काढा आणि उरलेले पंचवीस कुठे गेले ते बघा. तिला दोन प्रश्न विचारा: ७/८ मोठा की ८/९, आणि उणे तीनमधून उणे पाच गेले तर किती. सातवीच्या निम्म्या वर्गाची गाडी या दोनांपैकी एकावर अडते. अपूर्णांक आणि चिन्हं कच्ची राहिली की आठवीत विस्तार सूत्रं आणि बैजिक राशींचे अवयव डोक्यावरून जातात, आणि घरचे म्हणतात, पोरीला गणित जमत नाही. सुट्टीत रोज अर्धा तास, पाचवी-सहावीची बालभारतीची पुस्तकं, एवढं पुरे. ती पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात.

वरदा_न्यूजर्सी

मास्तर, दंडवत! उत्तरपत्रिकेचा सल्ला इथेही लागू.

इकडे मिडल स्कूलची चिंता वेगळ्या नावाने येते. आठवीत अल्जेब्रा वन मिळालं की बारावीला कॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं, नाही मिळालं तर मधे कुठेतरी दोन वर्षांचं गणित एका वर्षात करावं लागतं. त्यामुळे सहावीच्या प्लेसमेंट टेस्टला देशी आयांच्या व्हॉट्सॅप गटांवर जे रण माजतं ते बघण्यासारखं असतं. शनिवारी गणिताचा क्लास, रविवारी मराठी शाळा, मूल झोपतं कधी देव जाणे. तात्पर्य, इकडे सगळं निवांत असतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

टिवल्याबावल्या

म्हणजे साता समुद्रापार जाऊनही सातवी सुटत नाही!

निर्झरा

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. 'ठरवावं लागतं का' या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: नाही. बाराव्या वर्षीची आवड वर्षभरात तीनदा बदलते आणि ते वयाला धरूनच आहे. अभियोग्यता चाचणीचा उपयोग नववी-दहावीच्या सुमारास होतो, तोही शाखा निवडताना चार पर्यायांवर बोलायला आधार म्हणून. आपल्या बोर्डाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची सरसकट कलचाचणी घेतली होती. अनेक घरांत त्या निकालाचा कागद आला आणि फाइलला लागला, कारण कागद हातात देऊन समोर बसून बोलणारं कोणी नव्हतं. सातवीच्या मुलीची चाचणी कोणी विकत असेल तर नको म्हणा.

गणोबांच्या प्रतिसादाबद्दल एक विनंती. 'ही ऑपरेशन्स रिसर्चवाली' असा शिक्का आजच नको. बारा वर्षांच्या मुलीला वेळापत्रक आवडतं. का आवडतं ते तिलाच विचारा. मला एक मुलगा भेटला होता, रेल्वेचं वेडच. सगळ्यांना वाटलं, इंजिनिअर होणार. बोलता बोलता कळलं, त्याला गाड्यांत काडीचा रस नव्हता. स्टेशनांची नावं आणि त्या नावांमागच्या गोष्टी गोळा करायचा तो. तुमच्या मुलीला कंट्रोलरसाहेबांचा तक्ता आवडला, की कोणीतरी मोठ्या माणसाने तिचं म्हणणं गंभीरपणे घेतलं हे आवडलं? दोन्ही असू शकतं.

सहावी ते आठवीत करण्यासारखं एकच काम मी पालकांना सांगते. मुलाला निरनिराळी कामं करणारी माणसं दाखवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच इयत्तांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, सुतार, माळी, कुंभार अशांबरोबर काम करायला. बऱ्याच शाळांत ते दहा दिवस रांगोळी स्पर्धेत उरकले जातात. तुमच्याकडे तर घरातच शीतकरण केंद्र आहे! दुधाची फॅट कशी काढतात, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) कमी लागलं की भाव कसा पडतो, टँकर चार अंशांवर का ठेवतात, हे तिने एक दिवस बघावं. गणित, रसायन, यंत्र, हिशेब, भांडणं, सगळं एका छपराखाली.

पाबळकर

निर्झराताई, दहा दिवसांवरून आठवलं. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातांनी काम, असा त्यांचा कार्यक्रम बऱ्याच शाळांत चालतो. वेल्डिंग-बांधकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. मी त्यातूनच गेलो. आम्ही शाळेच्या बागेचा पाइप जोडला होता. मोजमाप घेताना सांध्याची जागा धरली नाही म्हणून पाइप चार बोटं आखूड पडला. सर रागावले नाहीत, दुकानात पाठवलं आणि जादा कपलिंगचे पैसे आमच्या गटाच्या हिशेबात लिहिले. मापं घेताना सांध्याचं धरायचं, हे आता मरेपर्यंत विसरणार नाही.

आठवीला प्रवेश घेताना ताईंनी तालुक्यात असा विषय देणारी शाळा आहे का ते विचारावं. तंत्र विषय असलेली शाळासुद्धा चालेल. आणि दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षं करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, जेईईचं तोंडही न बघता. मी तसाच गेलो.

गणोबा

पाबळकर, रस्ता चांगला आहे, पण अर्धाच सांगितलात. डिप्लोमातून दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना तिथलं गणित जड जातं, आयआयटीत बी.टेक.ला त्या वाटेने प्रवेश नाही, आणि बारावीवर चालणाऱ्या बाकीच्या वाटाही बऱ्याचशा बाजूला पडतात. दहावीला नीट विचार करून घेण्याचा निर्णय आहे तो.

पाबळकर

जड गेलंच. पास झालो, नोकरीला लागलो. सगळ्यांनी आयआयटीलाच जायचं असं कुठे लिहिलंय? पण दहावीला विचार करून घ्यावा, हे मान्य.

फौजी आप्पा

एक गोष्ट कुणीच बोललं न्हाय. करिअर आत्ता ठरवू नका हे बराबर, पण काही दारं वयावर बंद होतात, ती म्हाईत पायजेत. नंतर म्हणायचं न्हाय, आप्पा बोलला न्हाई.

नवोदय: मुख्य प्रवेश सहावीला, परीक्षा पाचवीत. ती वेळ गेली. नववीला रिकाम्या जागांवर परीक्षा होते, आठवीत असताना फॉर्म भरायचा.

सैनिक शाळा: आमची सातारची देशातली पहिली, १९६१ची. चंद्रपूरला पण हाय आता. प्रवेश सहावीला न् नववीला. नववीसाठी ३१ मार्चला वय १३ ते १५ लागतं, आणि पेपर इंग्रजीतच. सहावीचा मराठीत देता येतो, नववीचा न्हाय. सेमीवाल्या पोरांना गणिताचं काय वाटत न्हाय, बाकीचं जड जातं. २०२१-२२ पासून पोरींना सगळ्या सैनिक शाळांत प्रवेश हाय.

आरआयएमसी (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज), डेहराडून: हे लई लोकांना ठावंच न्हाय. आठवीला प्रवेश, परीक्षा वर्षातनं दोनदा, वय साडेअकरा ते तेरा. २०२२ पासून पोरी पण घेतात. जागा बोटावर मोजण्याएवढ्या, पण ताई, तुमची लेक आत्ता त्याच वयात बसती. वर्षभरानं दार बंद.

दहावीनंतर सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, पोरांची छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून, पोरींची नाशिकला २०२३ पासून. थितं अकरावी-बारावी करून एनडीएची तयारी. एनडीएची पहिली पोरींची तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, सतरा जणी होत्या. टीव्हीवर बघताना डोळं भरून आलं.

पोरीला आवड नसंल तर ह्यातलं काय बी करू नका. धरून-बांधून पाठवलेलं पोर थितं टिकत न्हाय.

शब्दवेल्हाळ

संस्कृत-हिंदीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी. आठवीत शाळेच्या सोयीप्रमाणे संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा दोन्ही पन्नास-पन्नास असं संयुक्त घेता येतं, आणि तेच दहावीपर्यंत चालतं. संस्कृतमध्ये गुण पैकीच्या पैकी पडतात हे खरं, पण ते पाठांतरावर. ताईंनी आधीच लिहिलंय, पाठांतर म्हटलं की जांभया. मग अट्टाहास कशाला?

निमकर_काकू

असहमत! संस्कृतचं व्याकरण हे वेळापत्रकासारखंच चोख आहे. तीन वचनं, आठ विभक्त्या, तक्ता भरायचा. अशी मुलगी त्यात रमेल. पाठांतर होतं ते शिक्षक तसे असले तर.

शब्दवेल्हाळ

काकू, 'शिक्षक तसे असले तर' यातच सगळं आलं. शाळेत संस्कृत शिकवतं कोण, ते विचारून मग ठरवावं. आणि राज्य मंडळात सहापैकी उत्तम पाच विषय धरूनच टक्के निघतात, त्यामुळे एका भाषेवरून रात्रीची झोप उडवायचं कारण नाही.

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

बाई गं, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एकेकाला उत्तर देते.

मास्तर, दोन्ही प्रश्न विचारले. ७/८ आणि ८/९ चटकन सांगितलं, कारणासकट: "दोघांना पूर्ण व्हायला एकेकच तुकडा कमी आहे, आणि नववा तुकडा आठव्यापेक्षा बारीक." उणे तीनमधून उणे पाच म्हणाली उणे आठ. उत्तरपत्रिका काढल्या तर सगळीकडे तेच, चिन्हं. पंचवीसातले पंधरा तरी तिथेच गेलेत.

क्लासवाल्यांचा फोन आला होता. फी परत करण्याचं लेखी द्याल का विचारलं, तर 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' म्हणाले.

निर्झराताई, रविवारी यांनी तिला केंद्रावर नेलं. फॅटच्या यंत्रापेक्षा टँकरच्या फेऱ्यांतच तिचा जास्त जीव. कुठल्या गावचं दूध आधी उचललं तर संध्याकाळचं नासणार नाही, यावर ड्रायव्हरकाकांशी वाद घालून आली. ड्रायव्हरकाका म्हणाले, रस्ता खराब आहे ते वहीत कुठे दिसतं? त्यावर गप्प बसली, मग घरी येऊन प्रत्येक रस्त्यापुढे 'खराब' किंवा 'बरा' लिहीत बसली.

आप्पा, आरआयएमसीचं तिला वाचून दाखवलं. "पहाटे उठावं लागतं का?" एवढंच विचारलं, पुढे बोलणं खुंटलं. 🙂

सीबीएसईचं राहिलंच की?

भोरचे मास्तर

सीबीएसईबद्दल थोडक्यात. बदलायचंच असेल तर आठवी, फार तर नववीच्या सुरुवातीला. मंडळात मुलाची नोंदणी नववीत होते, दहावीला शाळा बदलणं फार किचकट. पण जेईई-नीटसाठी बोर्ड बदलायची गरज नाही. राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी तर आपल्याच मंडळाच्या अकरावी-बारावीवर आधारलेली असते, अकरावीचा भाग साधारण २० टक्के. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक कारण. तालुक्याच्या गावात सीबीएसई म्हणजे बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित शाळा. तिथे गेलात की एनएमएमएस हातची गेली.

चिन्हांसाठी नफा-तोट्याची भाषा वापरा. तीनशेची उधारी आहे, दुकानदाराने पाचशेची उधारी माफ केली, तर पदरात किती? दोन दिवसांत सुटेल.

चित्रकला बरी असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवा. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या परीक्षांनाही आहेत.

चाकणची_आई

मास्तर, तुमच्या शेवटच्या प्रतिसादाने पोटात गोळा आला. माझा मुलगा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागांतून) इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत लागला होता, पहिलीपासून. आता सातवीत आहे. मिस्टर कंपनीत कंत्राटी, उत्पन्न साडेतीन लाखांच्या बरंच आत. आम्हाला वाटलं होतं, एनएमएमएसला बसवू. तो बसू शकत नाही का?

भोरचे मास्तर

शाळा विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर नाही. ही योजनेतली मोठी गोम आहे. आरटीईच्या २५ टक्क्यांतलं मूल गरीब घरचंच असतं, पण शाळा खासगी म्हणून ते एनएमएमएसच्या बाहेर. आणि आरटीईची मोफत जागा आठवीपर्यंतच. नववीच्या जूनला शाळा पूर्ण फी मागते. म्हणजे एकाच वर्षी सवलतही संपते आणि शिष्यवृत्तीही नसते.

तुमच्यापुढे दोन मार्ग. पहिला, आठवी याच शाळेत मोफत करायची आणि नववीला अनुदानित शाळा बघायची. दुसरा, सातवी झाल्या झाल्या अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत आठवीला घालायचं. मोफतचं एक वर्ष सोडावं लागेल, पण अशा शाळांत आठवीपर्यंत शिक्षण मोफतच असतं आणि मूल एनएमएमएसला पात्र ठरतं. माझ्याकडे आलेल्या पालकांना मी दुसरा सांगायचो, एकाच अटीवर: शाळा घराजवळ असावी आणि विज्ञान-गणिताचं माध्यम इंग्रजीच राहावं. नाहीतर आठवीत पोराला दोन धक्के एकदम बसतात.

निर्झरा

मास्तर, इथे मी थोडी अडते. सहा-सात वर्षांचे मित्र सोडून तेराव्या वर्षी शाळा बदलणं ही छोटी गोष्ट नाही. ४८,००० रुपये हे शहरात नववी-दहावीच्या एका वर्षाच्या फीलासुद्धा पुरत नाहीत. मुलाला विचारलं का कोणी?

चाकणची_आई

विचारलं. त्याचा जवळचा मित्रही आरटीईतलाच, तोही नववीला बाहेर पडणार. दोघं म्हणतात, मग आत्ताच जाऊ, एकत्र जाऊ. त्याच्या आईशी बोलून बघते. नववीची फी शाळेत विचारून आले, ७२,००० सांगितली, बस वेगळी. पहिला मार्ग धरला तरी या शाळेत नववी काही होत नाही. मास्तर, आठवीला प्रवेश घेताना काय काय बघू?

भोरचे मास्तर

शाळा अनुदानित आहे हे पाटीवरून ठरवू नका. एकाच आवारात मराठी माध्यम अनुदानित आणि इंग्रजी माध्यम स्वयंअर्थसहाय्यित, असं खूप ठिकाणी असतं. मुलगा ज्या तुकडीत बसणार ती कशात मोडते ते मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा, आणि मागच्या वर्षी त्या तुकडीतली किती मुलं एनएमएमएसला बसवली तेही. उत्तर 'शून्य' आलं तर दुसरी शाळा बघा. तिथे फॉर्म कोणी भरणार नाही.

सातवीचा निकाल ५५ टक्क्यांवर हवा, गुणपत्रकाच्या दोन प्रती करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारला जोडलेलं.

आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून त्यावरचं नाव आधारशी अक्षर-अक्षर ताडून बघा. इंग्रजी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त असतं. निवड होऊनही वर्ष-वर्ष पैसे अडकलेली मुलं मी पाहिलीत, ती याच कारणाने. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. एकदा नवीन शाळेच्या रजिस्टरला नाव चढलं की शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत हेलपाटे.

चाकणची_आई

आत्ताच आधार काढून बघितलं. आडनावात एक 'ए' जास्त आहे. सोमवारी शाळेत जाते.